दारातला बांध

"स्कूप कुठंय?" आर्वोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"कसलं स्कूप?" साइमा पावाचं पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"कसलं म्हणजे? बर्फाचं. मागच्या ओट्यावर होतं ते."

"असेल मग तिथंच."

"नाहीये."

"वाऱ्यानं नेलं असेल."

पत्र्याचं, सुपाच्या आकाराचं, दोन्ही हातांनी दांडा धरून पुढं ढकलायचं, आत एखादं वासरू सहज बसेल एवढं ते धूड. ते म्हणे वाऱ्यानं नेलं! आर्वो तसाच उभा राहिला. लोकरी विजार, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, काउंटीच्या नोकरीतलं जुनं नारिंगी जाकीट, कानांवर ओढलेली टोपी असा सगळा जामानिमा करून झाला होता आणि ऐन वेळी हत्यारच गायब होतं.

"साइमा, लपवलंस तू ते."

"लपवलं. मग?"

"बाहेर बांध पडला असेल. तो काय तुझा बाप येऊन काढणार आहे?"

"बापाचं नाव काढू नकोस. डॉक्टर काय म्हणाला ते आठव. जड उचलायचं नाही."

"स्कूप कोणी उचलत नाही. ढकलतात."

"ढकलायचंही नाही म्हणाला! मी समोर बसले होते, आर्वो. मला शिकवू नकोस."

आर्वोनं टोपी काढून टेबलावर आपटली आणि खुर्चीत बसला. बूट मात्र काढले नाहीत. बुटांवरचा बर्फ वितळून साइमानं नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पाण्याचं थारोळं झालं. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला तिनं लाख गोष्टी सांगितल्या असतील. सगळ्या पालथ्या घड्यावर पाणी.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या पहिल्याच दिवशी, रानातल्या झोपडीत आर्वो छाती धरून खाली बसला होता. हरण आडवं करायला गेलेल्या दोस्तांनी यालाच आडवा घालून घसरगाडीवरून सडकेपर्यंत ओढत आणला. "त्या दिवशी आपली एकच शिकार झाली, आर्वोची," असं दोस्त अजून सांगत आणि हसत. साइमाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, हा हिवाळा नुसता खिडकीतून बघायचा. पुन्हा तसं झालं तर आपल्या हातात काही राहणार नाही.

खिडकीतून बघ म्हणणं सोपं असतं. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की इथं रोज बर्फ पडतो, नोव्हेंबरापासून एप्रिलपर्यंत. आज काढावा तर उद्या पुन्हा तेवढाच. जानेवारीत स्वयंपाकघराची खिडकी निम्मी बुजते आणि वाटेच्या दोन्ही कडांना माणसापेक्षा उंच भिंती उभ्या राहतात. घरापासून सडकेपर्यंतच्या वाटेचा भुसभुशीत बर्फ साइमा एकटी हटवू शकत होती. तिच्या मावशीची म्हणून एक जुनी, हलकी फावडी होती, तिनं थोडंथोडं करत. प्रश्न तो नव्हताच. प्रश्न बांधाचा होता.

सडकेवरून काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्हा कारभाराचा, ट्रक जातो, त्याच्या पुढं नांगरासारखं भलंमोठं पातं असतं. ते सडकेवरचा सगळा बर्फ चिरडत, वाळूत कालवत कडेला लोटतं आणि प्रत्येक घराच्या वाटेच्या तोंडाशी कंबरेएवढा बांध घालून पुढं जातं. पहाटे उठून वाट लख्ख केलेली असो नाही तर नसो, बांध पडतोच. आणि त्यातला बर्फ म्हणजे बर्फ नव्हेच, धोंडे. साइमाचा उजवा खांदा शाळेच्या भटारखान्यात पंचवीस वर्षं मोठमोठी पातेली उचलून कामातून गेला होता. बांध आता तिच्याच्यानं निघत नसे. बांध आर्वोचा.

तसा तो सगळ्याच अर्थानं आर्वोचा. तीस वर्षं त्या ट्रकवर ड्रायव्हर आर्वोच होता.

आता हे ऐकून कोणाला वाटेल की त्याच्या घराची तरी चैन असेल. घरचाच ड्रायव्हर, दांडा जरा ओढला, पातं वीतभर उचललं, आपल्या दारावरून रिकामं नेलं, झालं. छे! तीस वर्षं या माणसानं स्वतःच्या दारातही शेजाऱ्यांएवढाच बांध घातला. तो पहाटे गावभर ट्रक फिरवायचा आणि साइमाला शाळेत जाऊन चुली पेटवायच्या असायच्या. म्हणजे नवऱ्यानं घातलेला बांध बायकोनं फोडायचा. फोडता फोडता ती त्याला ज्या शिव्या घालायची, त्या तिच्या चर्चमधल्या बायकांनी ऐकल्या असत्या तर तिला प्रार्थनेला बसू दिलं नसतं.

लोक यायचे. वेलदोड्याचे वेणीपाव, हरणाचं सुकं मांस, मुरंब्याच्या बाटल्या घेऊन या स्वयंपाकघरात बसायचे आणि मग हळूच, "आर्वो, आमच्या दाराशी जरा..." आर्वो वेणीपाव मिटक्या मारत खायचा, वर कॉफी घ्यायचा आणि म्हणायचा, "रस्ता सगळ्यांचा, बांधही सगळ्यांचा." पाद्रीबुवा आले, त्यांना हेच. साइमाची आई ऐंशीची होती, तिलाही हेच. म्हातारी जावयाशी वर्षभर बोलली नाही.

समोरची मिल्का आली होती अक्रोडाची गुंडाळपोळी घेऊन. तिच्या नवऱ्याच्या, मार्कोच्या, छातीत दुखत होतं. "फार नाही आर्वो, एवढा एक हिवाळा," असं ती म्हणाली होती. आर्वोनं त्या दिवशी पोळीला हात लावला नाही. तो म्हणाला, "उचलणार नाही, मिल्का. एकाच्या दारात उचललं की दुसऱ्याला काय सांगू? पण मार्कोला सांग, बांधाला हात लावू नकोस. माझी फेरी संपली की मी येऊन काढीन."

आणि तो खरोखर जायचा. फेरी संपवून, स्वतःच्या दारातला सोडून आधी समोरचा काढायचा. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी मार्को थांबला नाही. इथला कोणता पुरुष थांबतो? शेजारी येऊन आपली वाट साफ करतो, हे रोज खिडकीतून बघत बसायचं! तो स्कूप घेऊन निघाला आणि बांधावरच कोसळला. दुसऱ्या फेरीला आलेल्या आर्वोला तो दिसला. दोघांनी, त्यानं आणि मिल्कानं, मार्कोला उचलून आत नेलं. तोवर सगळं संपलं होतं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. कोणी आर्वोला बोल लावला नाही. बर्फ आभाळातून पडतो, रस्ता काउंटीचा आणि हृदय ज्याचं त्याचं. मार्कोच्या अंत्यविधीच्या प्रार्थनेच्या दिवशीही बर्फ पडतच होता. गाव चर्चमध्ये होतं आणि आर्वो चर्चपर्यंतचा रस्ता मोकळा करत होता. दुसऱ्या दिवशी मिल्काच्या दारात बांध होता, सगळ्यांच्या होता तसाच. त्या दिवशी साइमा घरात भांडी आपटून आपटून भांडली. "निदान त्या बाईच्या दाराशी तरी!" आर्वो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मिल्कानं तेव्हापासून आपला बांध आपण काढला, कोणालाही हात लावू दिला नाही, आणि आर्वोशी एक शब्द बोलली नाही. साइमाशी पोस्टाच्या पेटीपाशी दोन शब्द बोलायची, तेवढेच.

आणि आता हा मनुष्य, डॉक्टर नको म्हणत असताना, स्कूप शोधत घरभर फिरत होता.

"गल्लीतल्या त्या पोराला सांगू या का? त्याच्या छोट्या ट्रकला पातं आहे," साइमानं विचारून पाहिलं. "घरोघरी जाऊन काढून देतो तो."

"माझ्या दारात दुसऱ्याचं पातं?" आर्वो म्हणाला. "मी मेल्यावर आण."

"तेच तर होऊ नये म्हणून विचारतेय ना!" साइमा ओरडली. पण तोवर तो उठून दुसऱ्या खोलीत गेला होता, पलंगाखाली वाकून स्कूप शोधायला. पलंगाखाली! साइमानं कपाळावर हात मारून घेतला.

त्याच दुपारी तिनं वेणीपाव भाजला, फडक्यात गुंडाळला आणि काउंटीच्या गॅरेजवर गेली.

आर्वोच्या जागी आता ग्लेन होता. आर्वोच्याच हाताखाली शिकलेला, चाळिशीचा, पोट सुटलेला. ट्रकखालून बाहेर येऊन त्यानं हात पुसले आणि तिच्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं.

"मिसेस के., तुम्ही?" गावातली पन्नाशीच्या आतली सगळी माणसं तिच्या हातचं शाळेतलं जेवण जेवून मोठी झालेली, आणि तिचं लांबलचक आडनाव लहानपणी कोणालाच नीट म्हणता येत नसे. "बॉस बरे आहेत ना?"

"बरा कसला? स्कूप मागतोय."

"अरे देवा."

"ग्लेन, तुला सलगम आवडायचा नाही. मी कधी वाढला तुझ्या ताटात?"

"नाही वाढलात."

"सगळ्यांना वाढायचा असा नियम होता. तरी नाही वाढला. आठवतंय ना?"

ग्लेननं गाठोड्यातून येणारा वेलदोड्याचा वास घेतला. ती काय मागणार हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा पडला. "मिसेस के., असलं काही मागू नका. बॉसनी मला पहिल्या दिवशी काय सांगितलं माहितीये? म्हणाले, 'पातं उचलायचा दांडा तुझ्या हातात आहे म्हणून तू देव झाला नाहीस.'"

"मला नको सांगू. तीस वर्षं ऐकतेय."

"त्यांना कळलं तर चामडी लोळवतील माझी."

"चामडी लोळवायला त्याच्यात जोर असता तर मी इथं आले असते का?" साइमाचा आवाज एकदम चिरला. तिला स्वतःचाच राग आला. "हे बघ, तो उठायच्या आत तू जातोस. पोस्टाची पेटीसुद्धा मीच उघडते, तो सडकेपर्यंत येत नाही. एप्रिलपर्यंत, ग्लेन. मला तो एप्रिलपर्यंत जिवंत हवाय, बाकी काही नको."

ग्लेननं पाव घेतला. तो मिटक्या मारत खाल्ला नाही, तसाच ट्रकच्या पायरीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वाटेचं तोंड मोकळं राहू लागलं. सकाळी साइमा बाहेर जायची, फावडीनं इकडचा भुसा तिकडं करायची आणि आत येऊन धापा टाकत सांगायची, "काढला गं बाई एकदाचा." आर्वो संशयानं बघायचा. "खांदा दुखत नाही का तुझा?" "दुखतो ना. पण कोणाला काय पडलंय?" खोटं बोलायची सवय नव्हती, पण जमायला लागलं. उलट, आपलं आपल्यालाच नवल वाटावं इतकं झकास जमायला लागलं.

जमत नव्हतं ते एकच. समोर मिल्काच्या दारात कंबरेएवढा बांध असायचा आणि ती सत्तरीची बाई डोक्याला रुमाल बांधून एकटी तो फोडत असायची. दोन घरांच्या मध्ये एक सडक. एका तोंडाशी धोंडे, दुसऱ्या तोंडाशी साधं ढेकूळ नाही. आंधळ्यालाही दिसलं असतं.

एकदा साइमा पत्रं काढायला गेली तेव्हा मिल्का स्कूपच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती.

"काय गं साइमा," ती सडकेपलीकडून म्हणाली, "यंदा तुमच्या दाराशी आला की बर्फ वळसा घालून जातो वाटतं?"

"वारा..." साइमा म्हणाली. "वारा या बाजूला जरा जास्त असतो."

"हं. वारा." मिल्कानं स्कूप बर्फात खुपसलं. "हल्ली वाऱ्यालाही नावगाव कळायला लागलं म्हणायचं."

साइमा पत्रं न घेताच घरात आली. तिचे कान जळत होते. मिल्काही एके काळी पोळी घेऊन आलीच होती ना या घरात? तिनंही एकाच हिवाळ्याचं मागितलं होतं. तिला नाही म्हटलं आणि आपण मागितलं तर मिळालं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हे सगळं साइमाला कळत होतं. पण आत खुर्चीत आर्वो डुलक्या घेत होता, त्याच्या छातीवरचा शर्ट खालीवर होत होता, आणि तो शर्ट असाच खालीवर होत राहावा यापलीकडे तिला काही नको होतं. मिल्का काय म्हणायचं ते म्हणो. साइमानं फरशी पुसायला घेतली. पुसता पुसता ती त्या झोपलेल्या माणसावर इतकी चिडली, इतकी चिडली, की तिला रडू आलं.

मग तीन दिवस वादळ झालं आणि शनिवारी उघडलं.

स्कूप साइमानं सौनात लपवलं होतं. अंगणातली ती लाकडी खोली शनिवारी तापवायची, आत बसून घाम काढायचा, ही इथल्या फिनिश घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डॉक्टरनं या वर्षी आर्वोला सौनाही बंद केली होती, म्हणून लपवायला तीच जागा सगळ्यांत बरी, असा तिचा हिशेब. शनिवारी सौना तापवू नको म्हटलं की फिनिश म्हातारा तापवणार नाही, हे गृहीत धरायला ती काही कालची सून नव्हती. तरी तिनं ते धरलं. काळजीनं माणसाची अक्कल जाते, दुसरं काय!

तिनं खिडकीतून पाहिलं तेव्हा आर्वो वाटेच्या तोंडाशी होता. नारिंगी जाकीट, हातात सौनातलं स्कूप. साइमाच्या हातातली किटली चुलीवर आदळली. पण मग ती बघतच राहिली, कारण तो बांध काढत नव्हता. काढायला बांध नव्हताच. तो सडकेच्या कडेला गेला, शेजारच्या ढिगातला बर्फ त्यानं स्कूपमध्ये भरला, सावकाश ढकलत आपल्या वाटेच्या तोंडाशी आणला आणि ओतला. पुन्हा गेला. पुन्हा भरला. पुन्हा ओतला. मोकळ्या वाटेत तो बांध घालत होता.

साइमा एप्रनवरच धावली. पायात बूट कोणाचे होते तेही तिला कळलं नाही.

"अरे, वेड लागलंय का तुला? काय चाललंय हे?"

आर्वो थांबला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. "पातं कोणी उचललं?"

"कसलं पातं?"

"साइमा, मी तीस वर्षं हेच केलंय. हा पात्याचा काप बघ. तिकडून सरळ येतो, इथं उचलतो आणि आपली हद्द संपली की पुन्हा टेकतो. कोणी सांगितलं ग्लेनला?"

"मी."

"कशाला?"

"कशाला? तू मरू नयेस म्हणून! दुसरं कशाला? मला हौस आहे लोकांकडे पाव घेऊन फिरायची? मला तू हवायस, म्हाताऱ्या. खुर्चीत बसून डुलक्या घेणारा का होईना, पण हवायस. एवढं एक मागितलं मी चाळीस वर्षांत, तेही तुझ्याकडे नाही मागितलं, कारण तू दिलं नसतंस!"

 आर्वोनं स्कूप पुन्हा ढिगात घातलं, पण ते भरलं तरी त्याला ढकलता येईना. तो दांड्यावर वाकून उभा राहिला.

"मार्कोच्या दारात मी बांध ठेवला," तो म्हणाला. नऊ वर्षांत त्यानं हे नाव पहिल्यांदा घेतलं. "तो गेल्यावर दुसऱ्या दिवशीही ठेवला. नियम म्हणून ठेवला, साइमा. आता माझ्या दारात पातं उचललं, तर मग तो नियम नव्हताच. मग मी नुसता एक माणूस होतो, दांडा हातात असलेला, आणि त्याला नाही म्हणालो."

 साइमाला त्याला मारावंसं वाटत होतं आणि धरावंसंही वाटत होतं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. थंडीनं तिचे दात वाजत होते.

सडकेवर बूट वाजले. मिल्का आपल्या दारातून निघून सडक ओलांडून येत होती, आपलं स्कूप मागं ओढत. ती किती वेळ ऐकत होती देव जाणे. नऊ वर्षांत ती सडकेच्या या कडेला आली नव्हती. ती सरळ आर्वोच्या पुढं येऊन उभी राहिली.

"दे ते इकडं."

आर्वोनं दांडा सोडला नाही.

"दे म्हणते ना. एकाला याच सडकेवरून उचलून नेलंय मी. दुसऱ्याला उचलायला पाठीत जोर नाही उरला माझ्या."

आर्वोनं तिच्याकडे पाहिलं. मग एकेक बोट सुटावं तसे त्याचे हात दांड्यावरून सुटले. मिल्कानं स्कूप साइमाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "तू डावीकडून घे. खांद्याला झेपेल एवढंच घे. नाहीतर तुलाही उचलायला लावशील."

दोघी म्हाताऱ्या आर्वोनं घातलेला बांध काढायला लागल्या.  मिल्का मधूनमधून नाकातून जोरात श्वास सोडायची, तेवढाच आवाज. बांध निम्म्यापेक्षा जास्त निघाला होता, तेव्हा वळणावर पिवळे दिवे दिसले. ग्लेनची दुसरी फेरी.

ट्रक जवळ आला. वाटेच्या तोंडाशी दोन बाया आणि आपला बॉस बघून ग्लेनची घाबरगुंडी उडाली असावी. त्यानं वेग कमी केला आणि दांडा ओढला. पातं करकरत वर आलं.

आर्वो सडकेवर गेला. मधोमध उभं राहून त्यानं हात वर केला. ट्रक थांबला. काचेमागं ग्लेन कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झालेला दिसत होता. आर्वोनं हात आडवा धरला, तळवा जमिनीकडे, आणि सावकाश खाली नेला.

ग्लेननं मान हलवली. नाही.

आर्वोनं पुन्हा तसंच केलं. तळवा खाली.

"आर्वो," साइमा ओरडली, "अरे आम्ही इथं मरतोय, आणि..."

पातं दाणकन सडकेवर टेकलं. आर्वो कडेला झाला. ट्रक त्यांच्यासमोरून गेला आणि सडकेवरचा सगळा चिखलट बर्फ, वाळू, धोंडे वाटेच्या तोंडाशी येऊन पडले. दोघींनी इतक्या कष्टानं जेवढा काढला होता, त्याच्या दुप्पट. साइमाच्या गुडघ्यापर्यंत आला. मिल्काच्या रुमालावर चिखल उडाला.

"अरे सैताना!" मिल्का किंचाळली. "सैताना! नुसता अर्धा तास! अर्धा तास थांबवलं असतंस त्याला तर काय तुझी काउंटी बुडाली असती?"

आर्वो गेलेल्या ट्रककडे बघत उभा राहिला.

"बघ, बघ, कसा उभा आहे! आणि आम्ही गाढवं." तिनं रुमालानं तोंड पुसलं, चिखल आणखी पसरवला आणि स्कूप बांधात घातलं. "चल गं. बघत काय बसलीस? गोठला की मेपर्यंत निघायचा नाही."

साइमानं दांडा धरला. खांदा ठणकत होता, बुटात बर्फ गेला होता, एप्रन भिजून कडक झाला होता, आणि तिला वाटत होतं की जगात आपल्यासारखी मूर्ख बाई दुसरी नसेल. ती डावीकडून लागली.

"आत जा तू," तिनं आर्वोला सांगितलं. "चुलीवर कॉफी आहे."

तो गेला नाही.

"ऐकतोस का? आत जा. छातीत वारं भरेल."

तो सडकेच्या कडेला उभाच राहिला. रिकामे हात त्यानं खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि चर्चमध्ये अंत्यविधीला धरतात तशी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. बर्फ त्याच्या विरळ केसांवर पडत होता आणि वितळत नव्हता. मिल्कानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून पुन्हा ढकलायला लागली.

"टोपी घाल रे," साइमा म्हणाली. "ऐकतोस का? टोपी घाल."

बांध निघेपर्यंत तो तसाच उभा होता.